निर्यातीचा तांदूळ बांधीतच नापास होतो: सुधारित वाण देताना-घेताना या चुका टाळा

भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचा धानपट्टा असो की मावळ-मुळशी, शेतकरी उत्पादक कंपनीने तांदूळ परदेशी पाठवायचं ठरवलं की पहिली धावपळ होते ती आयात-निर्यात कोड, परवाने आणि गिऱ्हाईक यांची. कागद जमतात. माल अडतो तो बियाणं, फवारणी आणि वाळवण या तीन ठिकाणी, आणि तिथे बिघडलेलं गिरणीत सुधारत नाही.

नवं वाण एका हंगामात गावभर

प्रात्यक्षिकातलं पीक डोळ्यात भरतं आणि पुढच्या खरिपात सगळं गाव तेच वाण लावतं. पण कुठलंही वाण आधी कालावधीवर तपासायचं: साधारण १२० दिवसांपर्यंत हळवं, १३५ पर्यंत निमगरवं, त्यापुढे गरवं. उताराच्या हलक्या बांधीत (भातखाचरात) गरवं वाण घातलं, तर फुलोऱ्याच्या वेळी पाणी सरलेलं असतं आणि लोंबीत पोचट दाणे राहतात. खोलगट, पाणी धरणाऱ्या बांधीत हळवं लावलं, तर ते ऑक्टोबरच्या पावसात कापणीला येतं.

दुसरी तपासणी कीड-रोगाची. पूर्व विदर्भात गादमाशी या किडीला बळी पडणारं वाण कितीही बारीक दाण्याचं असलं तरी उपयोगाचं नाही. फुटव्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी आली, की त्या फुटव्याला लोंबी येत नाही. सिंदेवाही आणि साकोलीच्या संशोधन केंद्रांत याच भागासाठी वाणं तयार होतात, म्हणून आधी तिथे विचारा. पहिल्या वर्षी दहा-दहा गुंठे, एक तुकडा वरच्या आणि एक खालच्या बांधीत, शेजारी नेहमीचं वाण. नुसतं धानाचं वजन करून थांबू नका. क्विंटलभर धान गिरणीतून काढून अख्खा तांदूळ किती आणि कणी किती, तेही मोजा.

भेसळ: सगळ्यात महाग पडणारी चूक

घरचं बियाणं चार-पाच वर्षं तेच वापरलं जातं, शेजाऱ्याकडून अदलाबदल होते, आणि एका पोत्यात तीन लांबीचे दाणे येतात. भरड काढणाऱ्या रबर रोलमधलं अंतर दाण्याच्या जाडीवर बसवतात. जाड-बारीक एकत्र आले, की बारीक दाणा न सोलता निघून जातो आणि जाड दाणा मोडतो. सॉर्टेक्स यंत्र रंग पाहून काळा, पिवळा, लाल दाणा वेचतं, पण एकाच रंगाचं दुसरं वाण ते वेगळं करू शकत नाही.

प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, उगवण किमान ८० टक्के आणि शुद्धता ९८ टक्के. दर तीन वर्षांनी ते नव्याने घ्या. संकरित वाणाचं मात्र दरवर्षी. घरचं बियाणं वापरायचं असेल, तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका, तरंगणारं काढा, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मग किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा.

एवढं करूनही भेसळ येते, कारण गेल्या वर्षी सांडलेलं धान चिखलणीनंतर उगवतं. पहिली चिखलणी करून आठ-दहा दिवस थांबा, उगवलेलं दुसऱ्या चिखलणीत गाडा आणि रोवणी ओळीत करा, म्हणजे ओळीबाहेरचं रोप लगेच दिसतं. फुलोऱ्यात एकदा आणि दाणा पिकताना एकदा बांधीत फिरा. उंच, कुसळाचं, आधी निसवलेलं झाड मुळासकट उपटा. अशी नजर किती मोलाची असते ते चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी दाखवलं: पटेल-३ वाणाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या आणि त्यातून एचएमटी हे वाण उभं राहिलं. मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर दुसऱ्याच्या शेतातून आलं असेल, तर आधी झाडून घ्या आणि पहिली दोन पोती वेगळी ठेवा.

करप्यावर शेवटची फवारणी

मानमोडी, म्हणजे लोंबीच्या मानेवरचा करपा, दिसली की ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाकडे हात जातो. युरोपीय संघाने २०१७ साली या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. २५ टनांच्या कंटेनरमध्ये सगळा मिळून पाव ग्रॅम, एवढाच तो हिशेब. लोंबी बाहेर पडल्यावरची फवारणी दाण्यात उतरते. त्यामुळे निर्यातीच्या प्लॉटवर कोणतं औषध चालेल ते ज्या देशात माल जाणार त्याच्या यादीवरून पेरणीआधीच ठरवा आणि प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, मात्रा वहीत लिहा.

करपा मुळात वाढतो जास्त युरियाने. नत्र निम्मं रोवणीवेळी, पाव फुटवे येताना, पाव लोंबी धरण्याच्या सुमारास. आंबेमोहोरासारख्या उंच वाणांना सुधारित बुटक्या वाणांइतकं नत्र देऊ नका. ते लोळतात आणि करपाही ओढवून घेतात.

वाळवण

आधारभूत खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, सरकारी तांदळात २५ टक्के तुकडा चालत आला; हात त्याच सवयीचे झालेत. निर्यातीत ‘५ टक्के तुकडा’ म्हणजे ५ टक्केच.

ओलावा २० ते २२ टक्के असताना, लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापा. कापलेलं धान कडप्यात आठवडाभर पडलं, दिवसा तापलं, रात्री दवाने भिजलं, की दाण्याला आत भेगा जातात. बाहेरून काही दिसत नाही. पंचवीस-तीस दाणे हाताने सोलून टॉर्चसमोर धरा, आडव्या रेषा दिसतील. तोच उद्याचा तुकडा. ताडपत्रीवर दोन ते चार सेंटिमीटर थर पसरा, अर्ध्या तासाने हलवा, १६ टक्क्यांवर आल्यावर रात्रभर झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी १२-१३ वर आणा. डांबरी रस्त्यावर वाळवू नका. खडे तर येतातच, शिवाय दाणा एकदम तापून तडकतो.

नाव आणि करार

महाराष्ट्रात पिकवलेला पुसा बासमती ‘बासमती’ म्हणून निर्यात होत नाही; बासमतीचं भौगोलिक मानांकन पंजाब, हरियाणासह उत्तरेतल्या ठरलेल्या भागापुरतं आहे. आजरा घनसाळ किंवा भंडाऱ्याच्या चिन्नोरला मानांकन आहे, पण ते नाव पोत्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ ला बंद झाली आणि सप्टेंबर २०२४ अखेर पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२५ पासून बिगर-बासमतीच्या कराराची अपेडाकडे (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) नोंदणी सक्तीची आहे. म्हणून सरकारी बंदी आल्यास काय, हे कलम करारात घाला, शेतकऱ्याला दिलेला भाव परदेशी सौद्यावर टांगून ठेवू नका, आणि प्रत्येक लॉटचा किलोभर नमुना सील करून, त्यावर शेतकऱ्याचं नाव आणि बांधी लिहून, माल पोहोचेपर्यंत जपून ठेवा.