कासच्या फुलांपासून लोणंदच्या कांद्यापर्यंत : एका दिवसाची सहल कशी आखावी

पाहुणे साताऱ्याला आले की यादी ठरलेली असते: कास, ठोसेघर, सज्जनगड, जमलंच तर महाबळेश्वर. एका दिवसात एवढं उरकायला गेलं की अर्धा दिवस गाडीत बसण्यातच जातो. मी घरच्यांना आता वेगळ्या वाटेने नेतो. सकाळी कासचं पठार, दुपारी रेल्वेने आदर्कीचा घाट आणि शेवट लोणंदला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि फलटणकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. हा पाऊस कसा आटत जातो, ते या एका दिवसात डोळ्यांनी बघता येतं.

दिवस निवडताना ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरा आणि शनिवार-रविवार टाळा. फुलांच्या हंगामात कासला ऑनलाइन बुकिंग लागतं, सकाळची पहिली वेळ घ्या. मग रेल्वेचं वेळापत्रक बघा. पुण्याकडे जाणारी, उजेडात घाट ओलांडणारी गाडी हवी. प्रत्येक गाडी वाठारला किंवा लोणंदला थांबतेच असं नाही, म्हणून थांबे आदल्या दिवशी पुन्हा तपासा. एका माणसाने गाडी घेऊन रस्त्याने लोणंद गाठायचं, म्हणजे परतीची चिंता मिटते.

पहाटे यवतेश्वरचा घाट चढा. कास साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर. सप्टेंबरातसुद्धा वर धुकं आणि गार वारा असतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना स्वेटर, कानटोपी द्याच. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत कास आहे. पण पाहुण्यांना आधी पायाखालचा दगड दाखवा. वर जांभ्याचा थर, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तेवढीही नाही. मोठं झाड इथे मूळ धरणार कुठे? म्हणून हे राज्य तेरड्याचं, गेंदाचं, सोनकीचं आणि निळ्या इवल्याशा सीतेच्या आसवांचं.

लोक गालिच्याचे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही एका जागी उकिडवे बसा आणि दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती शोधा. रुपयाच्या नाण्याएवढं लालसर रोपटं असतं. त्याच्या पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो, उन्हात चकाकणारा. चिलट त्यावर बसलं की पाय सुटत नाहीत. या मातीत नत्र फार कमी, ते झाड किड्यातून मिळवतं. माझ्या भाचीने यासमोर अर्धा तास काढला होता, तिला उठवावंसं वाटेना. बसताना मात्र पायवाट सोडू नका, एका पावलाखाली किती रोपं जातात ते वरून कळत नाही.

दहा-साडेदहाला उतरायला लागा. कासचा तलाव वाटेत बघून घ्या. साताऱ्यात नळाला येणारं बरंच पाणी इथलं.

आता स्टेशनबद्दल. सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. पहिल्या खेपेला मी एसटी स्टँडजवळ सगळ्यांना जेवायला बसवलं, निघायला उशीर केला आणि गाडी डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून भाकरी, झुणका, खरडा घरूनच बांधून नेतो आणि हाताशी वेळ राहिला तर संगम माहुलीच्या घाटावर बसून खातो. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. घाटावरची दगडी देवळं शांतपणे बघावीत.

गाडी सुटली की जरंडेश्वराचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. वाठारला थांबा असेल तर प्लॅटफॉर्म नीट बघा. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला जाणारे इथे उतरत आणि वाई-पाचगणीवरून पुढे जात. वाठार सुटलं की सगळ्यांना खिडकीशी आणा. हा दिवसाचा गाभा. महादेव डोंगररांग ओलांडायला गाडी वळणं घेत जाते, बोगद्यात शिरते, बाजूला कापलेल्या काळ्या कातळाचे थर दिसतात. मोठ्या वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. दारात उभं राहू देऊ नका, हातही बाहेर नको.

इथेच पाहुण्यांना पाणलोटाची गोष्ट सांगा. डोंगररांगेच्या अलीकडे पडलेला थेंब कृष्णेकडे जातो, पलीकडचा नीरेत, नीरेतून भीमेत. पार कर्नाटकात रायचूरकडे भीमा कृष्णेला मिळते, तिथे दोन्ही थेंब पुन्हा एकत्र. मुलांना हे सांगितलं की ती पुढच्या प्रत्येक ओढ्याला ‘हा कुणाचा?’ विचारत बसतात.

आदर्की, सालपे मागे पडलं की हिरवा रंग विरळ होतो. बाभळी दिसतात, माळ दिसतात, मेंढरं दिसतात. सकाळी कासला धुक्यात भिजलेली माणसं इथे कोरड्या वाऱ्यात खिडकी लावून घेतात.

लोणंदला उतरा. ज्ञानेश्वर माऊलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घातल्यावर पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामी असते, हे वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. इथली कांद्याची बाजारपेठ मोठी. चहा घ्या, पाच-दहा किलो कांदा डिकीत टाका. परतीचा रस्ता सालपे घाटातून वाठारमार्गे जातो, तेव्हा अंधार पडायच्या आत निघा.