ओम्नीत एमपीएफआय इंजिन बसवताना पेट्रोलची लाईन

जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) ओम्नीत एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारणारं इंजिन बसवायला लोक येतात, तेव्हा चौकशी सगळी इंजिनाची आणि वायरिंगची असते. पेट्रोलच्या लाईनचं कुणी विचारत नाही. मी काम तिथूनच धरतो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिथे नळी सुटली तर पेट्रोल थेट चालवणाऱ्याच्या खाली सांडणार, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर.

खरा फरक दाबाचा. इंजिनावरचा जुना पंप कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला अडीच ते तीन बार लागतो. त्यामुळे जुन्या नळ्या, क्लिपा आणि तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर, सगळं काढून टाका. दुसरीकडून काम करून आलेल्या एका ओम्नीत तसलाच फिल्टर दाबाच्या लाईनवर, सीटखाली लावलेला होता. जोडाला ओल आली होती, आणि त्या गाडीतून शाळेची मुलं जात होती. आठवलं की अजून संताप होतो.

टाकी शक्यतो एमपीएफआय ओम्नीचीच आणा, आतल्या पंपासकट. उतरवलेली आणि आणलेली टाकी शेजारी ठेवून बोल्ट लावायच्या कानांची भोकं आधी जुळवून बघा. जुन्या टाकीला वेल्डिंग मी करत नाही, तुम्हीही करू नका: रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. बाहेरचा पंप लावायचाच झाला तर टाकीला खेटून, तिच्या तळाच्या पातळीला लावा. हे पंप ढकलायला जोरदार असतात, ओढायला कच्चे. इंजिनाजवळ लावलात तर मे महिन्यात लाईनीत वाफ धरते आणि गाडी चढावर बंद पडते.

मग इंजिनाची रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी, बघा. तिच्यावरच दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर असेल तर उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईन हवीच. रेग्युलेटर टाकीतल्या पंपाला असेल तर एकच लाईन पुरते. जुन्या गाडीचा रिटर्न पाईप वापरता येतो, पण आधी एक टोक सोडून तोंडाने फुंकून बघा. तो गंजून अर्धवट बुजला असेल तर रेलमधला दाब वाढतो, गाडी काळा धूर सोडते आणि लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.

लांब पल्ल्याला स्टीलचाच पाईप: जाताना 8 मिमी, परतीला 6 मिमी. तांब्याचा पाईप वाकवायला सोपा असतो, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकतो. पाईप चॅसीच्या आतल्या अंगाने न्या, प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरपासून लांब, आणि वीतभर-दीड वीत अंतरावर क्लिपा मारा. टोकाला फुगीर कडा काढून घ्या, नाहीतर दाबाने नळी सरकते. रबरी नळी फक्त दोन्ही टोकांना, आणि तिच्यावर ‘एसएई जे30 आर9’ छापलेलं वाचूनच घ्या. दिसायला तशीच असलेली आर7 कमी दाबाची असते. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला आर10 लागते. आर9 बाहेरून पेट्रोलात भिजत ठेवायची नसते. आता पंपावर ई-20 मिळतं, त्यात जुनं रबर लवकर खराब होतं. खाचा असलेली साधी क्लिप नळीला कापते, म्हणून गुळगुळीत कडांची इंजेक्शनची क्लिप वापरा. सीटखाली जोड कमीत कमी ठेवा. मी रेलला जाणारा एकच ठेवतो. धातूचा फिल्टर मागेच, टाकीजवळ, पंपानंतरच्या लाईनवर.

पंपाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या, आणि रिले ईसीयूकडूनच (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडूनच) चालू द्या. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजून थांबला पाहिजे. थेट इग्निशनवर जोडलात तर अपघातात इंजिन बंद पडेल आणि पंप पेट्रोल ओततच राहील.

इंजिन बदलायला आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधीच काढा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याबद्दलच आहे, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो.

शेवटी चाचणी, उघड्यावर आणि अग्निशामक हाताशी ठेवून. इंजिन सुरू न करता रिलेच्या जागी वायर टाकून पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरा आणि गेजवर दाब बघा. पंप थांबवल्यावर काटा झरझर खाली आला तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. तो सापडेपर्यंत सीट बसवू नका.