महिला एकेरीचा तक्ता हाताने कसा भरावा: गावातील वाचनालयासाठी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात टेनिसचे मैदान नाही आणि आमच्या वाचनालयात येणाऱ्या बहुतेक मुलींनी रॅकेट हातात धरलेली नाही. तरीही गेली काही वर्षे आम्ही मोठ्या स्पर्धांमधील महिला एकेरी पहिल्या फेरीपासून पाहतो. त्यासाठी लागतो तो फक्त एक कागदी तक्ता. केवळ अंतिम सामना पाहणाऱ्याला दोन खेळाडू दिसतात. तक्ता स्वतः भरणाऱ्याला त्या दोघी कोणाला हरवून तिथवर आल्या हे दिसते, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

सुरुवात 32 खेळाडूंच्या स्पर्धेपासून करावी. मुंबईत झालेली डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) 125 या खालच्या दर्जाची स्पर्धा याच आकाराची आहे. 2017 मध्ये ती जिंकणारी आर्यना सबालेन्का पुढे ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेची विजेती झाली, त्यामुळे लहान स्पर्धेचा तक्ता कमी महत्त्वाचा समजू नये.

भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचे एक पान उभे धरून त्याच्या कोऱ्या बाजूला डाव्या कडेने एकेक सेंटिमीटरच्या अंतराने 32 रेघा आखाव्यात आणि त्यांना वरून खाली क्रमांक द्यावेत. लगतच्या दोन रेघा कंसाने जोडून पुढे एक रेघ काढली की दुसऱ्या फेरीच्या 16 जागा तयार होतात, मग 8, मग 4, मग 2, आणि शेवटी विजेतीची एक. स्पर्धेत एकूण सामने किती, असे मुली विचारतात. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू बाहेर पडते आणि शेवटी एक उरते, म्हणून 32 खेळाडूंसाठी 31 सामने आणि 128 खेळाडूंसाठी 127, हे त्यांना मोजू न देता विचार करून काढायला लावावे.

आता मानांकन. जागतिक क्रमवारीच्या आधारे 8 खेळाडूंना मानांकन मिळते, म्हणजे त्या सुरुवातीलाच एकमेकींसमोर येणार नाहीत अशा जागी त्यांना बसवले जाते. अग्रमानांकित खेळाडू पहिल्या रेघेवर आणि दुसरी मानांकित 32 व्या रेघेवर असते. तिसरी आणि चौथी मानांकित 9 व 24 या रेघांवर येतात, पण कोणती कुठे हे चिठ्ठीने ठरते. पाचवी ते आठवी 8, 16, 17 आणि 25 या रेघांवर, तेही चिठ्ठीनेच. उरलेल्या सर्व नावांची सोडत निघते. गावच्या कबड्डी सामन्यांत गटांसाठी ईश्वरचिठ्ठी निघते तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे बलवान संघांना आधी दूर दूर बसवून मग चिठ्ठी काढली जाते.

हे तोंडी सांगून मुलींच्या लक्षात येत नव्हते, तेव्हा मी कागदाची घडी घालून दाखवली. 16 आणि 17 या रेघांच्या मधोमध आडवी घडी घातली की तक्त्याचे दोन अर्धे भाग होतात आणि पहिली व दुसरी मानांकित वेगवेगळ्या भागांत पडलेल्या दिसतात, म्हणजे त्यांची गाठ अंतिम फेरीआधी पडूच शकत नाही. आणखी एक घडी घातली की प्रत्येक पट्टीत आठ नावे आणि दोन मानांकित खेळाडू उरतात. तिसऱ्या घडीनंतर चार नावांत एकच मानांकित राहते. त्या चौघींतील जी टिकेल ती उपांत्यपूर्व फेरीत जाईल. एका मुलीने घडी उलगडून पुन्हा घातली आणि आपल्या आवडत्या खेळाडूच्या पट्टीत कोण आहे ते बोटाने मोजले. त्या दिवसापासून ती सोडत जाहीर व्हायची वाट पाहते.

नावांपुढील खुणांकडे दुर्लक्ष करू नये. मूळ तक्त्यात त्या इंग्रजी अक्षरांत असतात. आम्ही मराठीत लिहितो. ‘पात्र’ म्हणजे पात्रता फेरीतून, म्हणजे थेट प्रवेश न मिळालेल्यांच्या मुख्य स्पर्धेआधीच्या सामन्यांतून, आलेली. ‘वाइल्ड कार्ड’ म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेला थेट प्रवेश. ‘लकी लूझर’ म्हणजे पात्रता फेरीच्या अखेरच्या सामन्यात हरूनही, मुख्य फेरीतील कोणी माघार घेतल्यामुळे जागा मिळालेली. सोडत निघते तेव्हा पात्रता फेरी अनेकदा चालूच असते, म्हणून त्या जागा पेन्सिलने मोकळ्या ठेवाव्यात. या रिकाम्या रेघांकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. 2021 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत एमा रादुकानू अशाच रेघेवरून आली होती: क्रमवारीत 150 वी, पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने, आणि एकही सेट (सामन्याचा एक टप्पा) न गमावता विजेतेपद. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅमची (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एकीची) एकेरी जिंकणारी खुल्या युगातील, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळाल्यापासूनच्या काळातील, ती पहिलीच खेळाडू.

निकाल विजेतीच्या बाजूने लिहावा. 2005 मध्ये हैदराबादला सानिया मिर्झाने अंतिम सामना 6-4, 5-7, 6-3 असा (प्रत्येक जोडी म्हणजे एका सेटमध्ये दोघींनी जिंकलेले गेम) जिंकला, म्हणजे मधला सेट तिने गमावला होता. महिला एकेरीत तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात. 7-6 पुढे कंसात 4 असेल तर तो आकडा टायब्रेकर (6-6 नंतर सेटचा निकाल लावणारा जादा गेम) हरणारीचे गुण दाखवतो. जिंकणारीचे 7 आपण समजून घ्यायचे. सुरुवातीला आम्ही तो आकडा विजेतीचा समजून अख्खा एक तक्ता चुकीचा वाचला होता. ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेट 6-6 झाला तर 2022 पासून 10 गुणांचा टायब्रेकर होतो. प्रतिस्पर्धी खेळायलाच आली नाही तर ‘पुढे चाल’ लिहावे आणि सामना अर्धवट सोडला तर तिथवरचा गुणफलक लिहून ‘माघार’ लिहावे. या दोन्ही नोंदी पूर्ण खेळून झालेल्या पराभवापेक्षा वेगळ्या आहेत.

ग्रँड स्लॅमच्या 128 नावांचा तक्ता एकटीने आखू नये. आठ मुलींनी प्रत्येकी 16 रेघांचे एक पान घ्यावे. 32 मानांकित असल्याने प्रत्येक पानावर चार येतात आणि प्रत्येक पानाची विजेती उपांत्यपूर्व फेरीत पोहोचते. तिथून आठही पाने भिंतीवर एकाखाली एक लावून जोडावीत.

वेळेचे गणित आपल्या कामांशी जुळवावे लागते. जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा मेलबर्नमधला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, कापूस वेचायला निघण्यापूर्वी. पॅरिसची फ्रेंच स्पर्धा नवतपाच्या सुमारास येते आणि दुपारी अडीचला सुरू होते, जेव्हा उन्हामुळे तसेही बाहेर पडता येत नाही. विम्बल्डनचे बाहेरील कोर्टांवरील सामने साडेतीनला सुरू होतात, पण ते दिवस डवरणी-निंदणाचे असतात, म्हणून निकाल संध्याकाळीच भरावेत. पोळ्याच्या आसपासची अमेरिकन स्पर्धा रात्री साडेआठला सुरू होते; तिचे निकाल सकाळी रेंज मिळेल तेव्हा डब्ल्यूटीएच्या किंवा स्पर्धेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावेत.

स्पर्धा संपल्यावर पाने फेकू नयेत. पहिल्याच फेरीत तीन सेट झुंजून हरलेल्या खेळाडूंच्या नावांभोवती लाल पेन्सिलने गोल करावा आणि पुढील स्पर्धेचा तक्ता आला की ती नावे आधी शोधावीत.