अनेक शाखांच्या कंपनीत मान्यता मागताना आधी छेद ठरवा

संघटनेची नोंदणी, सभासद-अर्ज आणि वर्गणीच्या पावत्या ज्यांना परिचित आहेत, पण सामूहिक सौदेबाजीसाठी मान्यतेचा पहिलाच अर्ज ज्यांना करायचा आहे, अशा नव्या पदाधिकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठीच्या १९७१ च्या ज्या कायद्याला आपण सारे एमआरटीयू म्हणतो, त्याखाली हा अर्ज औद्योगिक न्यायालयात करावा लागतो. त्यासाठी ३० टक्के सभासदत्व हवे, हे प्रत्येकाला पाठ असते. ३० टक्के कशाचे, म्हणजे किती कामगारांच्या एकूण संख्येने भागायचे (हाच छेद), हे मात्र फार थोडे जण विचारतात. आमचा अर्ज नेमका याच प्रश्नावर अडकला होता, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडतो.

कायद्यात मान्यतेविषयी जे प्रकरण (चॅप्टर) आहे, त्यापुरती प्रत्येक आस्थापना हा स्वतंत्र उपक्रम, म्हणजे टक्के मोजण्याचे एकक, धरला जातो. एकाच मालकाच्या, एकाच उद्योगातील अनेक आस्थापना मिळून एक उपक्रम मानायचा असेल, तर राज्य शासनाची तशी अधिसूचना लागते. मालक एक आहे, ताळेबंद एक आहे आणि सर्वांचे पगार मुख्य कार्यालयातूनच निघतात, एवढ्याने छेद एक होत नाही.

समजा, एका कंपनीचे चाकणला २००, रांजणगावला ३०० आणि वाळूजला ५०० कामगार आहेत, आणि तुमचे सभासद अनुक्रमे १६०, ११० आणि ५० आहेत. एकूण १,००० पैकी ३२० म्हणजे ३२ टक्के झाले, म्हणून तिन्ही ठिकाणांसाठी एकच अर्ज करण्याचा मोह होतो. अधिसूचना नसेल तर चाकण आणि रांजणगाव येथे मान्यतेचा दावा करता येतो, पण १० टक्क्यांवर असलेल्या वाळूजला तो टिकत नाही. उलट, अधिसूचना असेल आणि तुमचे काम फक्त चाकणमध्ये असेल, तर तिथले ८० टक्के एकूण आकड्यात १६ टक्के ठरतात आणि अर्ज फेटाळला जातो. त्यामुळे गटाची अधिसूचना मागण्याआधी, ती आपल्याला तारेल की बुडवेल, याचे गणित कागदावर करा. याशिवाय, कायद्याचे हे प्रकरण लागू होण्यासाठी उपक्रमात मागील बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी किमान ५० कामगार असावे लागतात. म्हणून ३५ जणांचे नागपूरचे गोदाम एकटे या प्रकरणात बसतच नाही.

दुसरी अडचण याच छेदातून निर्माण होते. अर्जाच्या महिन्यापूर्वीचे पूर्ण सहा महिने ३० टक्के टिकलेले असावे लागतात. अर्ज ऑगस्टमध्ये केला तर फेब्रुवारी ते जुलै या काळाचा हिशेब द्यावा लागतो. या काळात चाकणचे काही सभासद वाळूजला बदलून गेले, तर चाकणचा अंश घटतो, आणि पावत्यांवर आस्थापनेचे नाव नसेल तर कोण कुठला हे तपास अधिकाऱ्यापुढे सिद्ध करता येत नाही. प्रत्येक शाखेचे पावती-पुस्तक वेगळे ठेवा. मागील तारखांच्या पावत्या फाडण्याचा सल्ला देणारा भेटला, तर त्याला कार्यालयाबाहेर काढा. हजेरीपटाशी ताडून पाहताना अशी बनावट उघडी पडते आणि तिच्याबरोबर खरे सभासदही संशयाच्या फेऱ्यात येतात.

मार्गदर्शकांबद्दलही स्पष्ट बोलतो. गिरणगावात घडलेल्या ज्येष्ठांविषयी मला नितांत आदर आहे, पण त्यांची जडणघडण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात झाली. तिथे प्रतिनिधी संघटना स्थानिक क्षेत्रातील संपूर्ण उद्योगाची असे. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मुंबईच्या गिरण्यांत मिळालेला तो दर्जा हा १९८२ च्या संपातील मोठा वाद होता. त्या अनुभवावरून ‘एकदा मान्यता आली की सगळीकडे आपणच’ असे कोणी सांगू लागले, तर तो सल्ला आपल्या अर्जाला लावू नका. माझ्या मते, भाषण गाजवणाऱ्या नेत्यापेक्षा वर्गणीचे खाते चोख ठेवणारा खजिनदार हाच नवख्याचा खरा गुरू असतो.

आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यामुळे आपल्या प्रकरणाला कोणती तरतूद लागू होते, हे अर्जाआधी वकिलाकडून लेखी घ्या. संहितेत एकाहून अधिक संघटना असतील तर एकमेव वाटाघाटी संघटना होण्यासाठी ५१ टक्के पाठिंबा लागतो. तो कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के असलेल्यांना वाटाघाटी परिषदेत जागा मिळते. हे टक्केही त्या आस्थापनेच्या हजेरीपटावरच मोजायचे असल्याने छेदाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

वाळूजच्या ५० जणांना मात्र वाऱ्यावर सोडू नका, आणि त्यांनीही खचून जाऊ नये. मान्यता असलेल्या संघटनेशी सद्भावाने सौदेबाजी नाकारणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरते. ते बळ त्यांना आज नाही. तरीही एमआरटीयूच्या कलम २२ नुसार मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदाच्या बडतर्फीविषयी किंवा निलंबनाविषयी मालकाशी चर्चा करता येते आणि खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहता येते. असे एखादे प्रकरण नेटाने लढवले की पुढच्या महिन्याची सभासद नोंदणी त्याच शाखेतून सुरू करा.