आलू तळा, पण करपवू नका: ॲक्रिलामाइड कमी ठेवण्याची रीत

नागपुरात उपवास असो की पाहुणे, कढई चढते आणि आलू तळला जातो. तो लालसर-तपकिरी झाला, की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं रसायन बऱ्यापैकी तयार झालेलं असतं. आलूतलं ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा १२० अंशांच्या वर, पाणी आटत आलेलं असताना एकत्र आल्या की ते बनतं. अन्नातला त्याचा पत्ता लागला २००२ मध्ये, स्वीडनमध्ये. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. ज्या प्रयोगांवरून हे ठरलं, त्यांत प्राण्यांना दिलेल्या मात्रा आपल्या ताटातल्यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या, आणि जेवणातून माणसाला कर्करोग होतो असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. तेव्हा कढई माळ्यावर टाकायची गरज नाही. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर आधी ती सोडवा. हे रसायन त्या धुरातूनही भरपूर मिळतं.

आलू निवडा. थंडीत ठेवलेल्या आलूत स्टार्चची साखर होते. कळमन्याच्या बाजारातून आलेला कोल्ड स्टोरेजचा आलू कधी गोडसर लागतो, तो यामुळेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की आपण आलू फ्रीजमध्ये ढकलतो, नाहीतर कोंब फुटतात. ब्रिटनच्या अन्न-मानक संस्थेने ‘आलू घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका’ हा इशारा २०२३ मध्ये सैल केला, तरी तळायचा आलू शक्यतो बाहेर, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावा. शंका असेल तर एकच काप तळून पाहा. कुरकुरीत व्हायच्या आधीच तपकिरी झाला तर तो आलू रश्शाच्या भाजीला ठेवा. रश्शात पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच राहतं, त्यामुळे काळजी नाही.

काप भिजवा. जाडसर काप करून पंधरा ते तीस मिनिटं गंजभर पाण्यात ठेवा. पाणी दुधाळ होईल आणि तळाशी पांढरा थर बसेल. तो स्टार्च, पण त्याच पाण्यात साखरही उतरलेली असते. पाणी फेकून काप पुन्हा धुवा आणि सुती कापडावर चांगले कोरडे करा, नाहीतर तेल अंगावर उडेल. आणखी फरक हवा असेल तर उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढा. गच्चीवर वाळवणाचे चिप्स घालणाऱ्या आपल्या बायका आलूचे काप उकळूनच वाळवतात, आणि उन्हात हे रसायन तयार होत नाही. प्रश्न येतो तो तळताना.

तेल धुरावू नका. तापमापक असेल तर १७५ अंशांच्या वर जाऊ नका. नसेल तर एक काप सोडा: बुडबुडे लगेच यावेत, पण रंग सावकाश चढावा. तेलातून धूर निघत असेल तर आच कमी करून थांबा. वारंवार तापवलेल्या तेलाचा प्रश्न वेगळा, तो इथे मिसळत नाही.

वेळेवर काढा. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. सुरुवातीला कापातलं पाणी वाफ होऊन जातं आणि तोवर आतलं तापमान फार वाढत नाही. बुडबुडे विरळ झाले, तेलाचा आवाज बसला, की समजा पाणी संपलं; बहुतांश ॲक्रिलामाइड त्या शेवटच्या टप्प्यात बनतं. काप फिका सोनेरी दिसला, की झाऱ्याने उचला. कढईबाहेर आल्यावरही रंग थोडा गडद होतोच. ‘अजून जरा लाल होऊ दे’ म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला तेवढ्यापुरतं स्वयंपाकघराबाहेर ठेवा. दुसरा घाणा टाकण्याआधी तळाशी बसलेला काळा चुरा गाळून घ्या.

एअर फ्रायर घेतला म्हणजे सुटलो असं नाही. त्यातही रंगच पाहावा लागतो. ब्रेडचा टोस्ट फिकाच ठेवा, करपलेला भाग खरवडून टाका. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात हे रसायन मोठ्यांपेक्षा जास्त जातं, म्हणून चिप्सचं पाकीट रोजच्या डब्यात नको. त्याऐवजी उकडलेल्या आलूला जिरे-मिरचीची फोडणी देऊन वर सांभार (कोथिंबीर) भुरभुरा, मुलं तेही चाटूनपुसून खातात.