एअर रायफल जोडताना आणि तपासताना : या चुका टाळा

"सर, रायफल खाली मारून राहिली."

मे महिन्यात हे वाक्य मी दर आठवड्याला एकदा तरी ऐकतो. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या मुलाने एकाच दुपारी साईट (नेम धरायची दुर्बीण नव्हे, छिद्राची पट्टी) चौदा क्लिक, म्हणजे नॉबचे चौदा टप्पे, वर केली होती, छर्ऱ्यांचा डबा बदलला होता, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) सरकवला होता आणि बट प्लेटही (खांद्याला टेकणारा भाग) हलवली होती. रायफल हातात घेऊन मी आधी दाबाखालची हवा भरलेल्या सिलिंडरचा काटा बघितला, तर तो 40 बारवर. दोष एवढाच होता. हवा भरायला काही मिनिटं लागली, त्याने केलेली दुरुस्ती उलटी फिरवायला मात्र दोन तास गेले.

हवा कमी झाली की शॉट खाली का जातो, ते गणित सोपं आहे. 10 मीटर एअर रायफलचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा साधारण 170 ते 175 मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. तेवढ्या वाटेत तो सोळा-सतरा मिलिमीटर खाली येतो, आणि साईट लावताना आपण ते धरूनच चाललेलो असतो. वेग दहा मीटरने घटला की छर्रा आणखी दोन मिलिमीटर खाली बसतो. टार्गेटवर एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंत अंतर अडीच मिलिमीटर, आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे चांगला धरलेला शॉटही नवात जातो आणि मुलगा स्वतःला दोष देत बसतो. रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) एका ठराविक दाबापर्यंत वेग सांभाळतो, त्याखाली नाही. तो आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. त्यावर पेन्सिलने खूण करा आणि सरावाच्या वहीत पहिल्या ओळीला काटा लिहायची सवय लावा.

आता नागपूरचा उन्हाळा. रेंजवरून निघालं, सीताबर्डीवर काम होतं, गाडी उन्हात लावली, सिलिंडर डिकीत. 30 अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर 60 अंशांपर्यंत तापला, तर दाब 220 च्या घरात जातो. बंद गाडीत एवढी उष्णता व्हायला इथे फार वेळ लागत नाही. सिलिंडर ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवणारेही मी पाहिलेत. त्यापेक्षा तो सोबत घेऊन उतरा. उलटाही घोटाळा होतो. घाईघाईने भरलं की सिलिंडर हाताला गरम लागतो, काटा 200 दाखवतो, आणि थंड झाल्यावर 185 च्या आसपास येतो. मग "लीक आहे" म्हणून फोन येतो. हळूहळू भरा, थंड होऊ द्या, मग वाचा. खरी गळती शोधायची तर रात्री आणि सकाळी, खोलीचं तापमान सारखं असताना काटा बघा. सांध्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला तर बुडबुडा जागा दाखवतो. रबरी रिंग बदलायची असेल तर आधी दाब पूर्ण सोडा. रेग्युलेटर स्वतः उघडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

दोन गोष्टींत मी अजिबात ऐकून घेत नाही. पहिली : ओळखीच्या दवाखान्यातून ऑक्सिजन मिळतो म्हणून तो भरणं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा अंश एकत्र आला की पेट घेतो. सिलिंडरमध्ये कोरडी, स्वच्छ हवाच हवी. दुसरी : सिलिंडरवरची तारीख. बऱ्याच कंपन्या उत्पादनापासून दहा वर्षं देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो तपासायची जबाबदारी खेळाडूचीच असते. जुनी रायफल घेताना लोक स्टॉकचा रंग बघतात, बॅरल बघतात, ही तारीख मात्र कोणी बघत नाही.

जोडणीकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ क्रमाचा होतो. मुलं आधी साईट लावतात, कारण तीच दिसायला भारी असते. पण साईटची उंची गालावर ठरते, गालाची जागा चीकपीसवर आणि चीकपीसची बट प्लेटवर. म्हणून बट प्लेट आधी, मग चीकपीस, मग पुढचा हात, आणि साईट सगळ्यात शेवटी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. साईटच्या रिंगमधून टार्गेट दिसत नसेल तर मान वाकवू नका, चीकपीस हलवा. वाकवलेली मान साठ शॉटांत दगा देते. सामना सव्वा तासाचा असतो.

स्टॉक (रायफलचा ढाचा) आणि ॲक्शन (बॅरल बसवलेला मुख्य भाग) जोडणारे स्क्रू हा दुसरा मोठा विषय. कोणी सैल ठेवतो, कोणी इतका आवळतो की पुढच्या वेळी ॲलन कीच फिरते. दोन्हीमुळे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका, पसरतो. टॉर्क पाना महाग वाटतो, पण चार जणांनी मिळून एक घेतला तर परवडतो. मॅन्युअलमधला आकडा लावा, पाच शॉट मारा, परत तपासा. स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून आवळायचा असतो.

वजनाबद्दल एवढंच, की 10 मीटरला रायफलची मर्यादा 5.5 किलो आहे, तेवढं भरायलाच पाहिजे असं नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती मोठ्या माणसाची रायफल देऊन "सवय होईल" म्हणणारे वडील मला भेटतात. सवय होते खरी, पाठ वाकवून उभं राहायची. हलक्या रायफलने सुरुवात करा, आणि वजन लावायचं तर एका वेळी थोडं. पुढे एकदम लावलं की तोल जातो आणि डावा हात थरथरतो.

प्रत्येक बॅचमध्ये एक जण तरी सायलेन्सरचं विचारतोच. बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या वस्तू सामान्य नागरिकांना बंदी असलेल्या यादीत आहेत. स्पर्धेच्या नियमांत रायफलला मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटरही (बॅरलच्या टोकाला लावून झटका कमी करणाऱ्या वस्तू) चालत नाही, आणि बॅरलपुढच्या नळीला भोकं नसावी लागतात. शेजाऱ्यांची तक्रार असेल तर ती बहुधा छर्रा पत्र्याच्या डब्यावर आपटल्याची असते. डब्यात आतून चिंध्या कोंबून भरा, दुपारची झोप मोडणार नाही. आणि सरावानंतर हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे असतात.

छर्ऱ्यांची चाचणी लोक उभं राहून घेतात, हीच चूक. तेव्हा तुम्ही स्वतःची चाचणी घेत असता. रायफल व्हाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या शिकंज्यात) रबर किंवा लाकडाच्या मऊ आधाराने पक्की बसवा. डब्यांवर छर्ऱ्याच्या डोक्याचे माप असते, 4.49, 4.50, 4.51 असे. प्रत्येकाचे किमान दहा शॉट मारा. पाचमध्ये फसगत होते. योगायोगाने जमलेला पाचचा ग्रुप पाहून दहा डबे घेणारा माणूस मी स्वतः होतो. चांगल्या जोडीत दहाही छर्रे एकाच छिद्रातून गेल्यासारखे दिसतात. डबा बदलताना पहिले चार-पाच शॉट मोजू नका, आणि बॅरल साफ केल्यावरही नाही.

कूलर! आपल्याकडे हॉलमध्ये डेझर्ट कूलर असतो, आणि मुलं रायफल त्याच्या वाऱ्यात ठेवतात. त्या वाऱ्यात ओल असते. ऑगस्टमध्ये नव्हे, मेमध्येच एका रायफलच्या बोल्टवर तांबूस डाग पाहून मी चक्रावलो होतो. पुसून पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका.

साईटच्या क्लिकबद्दल शेवटचं. जर्मन साईटवरच्या खुणा शॉट कुठे पडला ते सांगतात की कुठे न्यायचा ते, याचा अंदाज बांधू नका. चार क्लिक फिरवा, तीन शॉट मारा, कागद बोलेल. जुळल्यावर वरच्या आणि बाजूच्या नॉबचे आकडे वहीत उतरवा. बीजिंगला 2008 मध्ये अभिनव बिंद्राच्या रायफलची साईट अंतिम फेरीआधीच्या सराव शॉटांत भलतीकडेच गेल्याचं लक्षात आलं. ती पुन्हा जुळवून तो सुवर्णपदकापर्यंत गेला. त्याचं धैर्य आपल्यात असेलच असं नाही. वहीतला आकडा मात्र असू शकतो. ट्रेनने पुण्याला स्पर्धेला गेलात, तर पेटी उघडल्यावर आधी तो आकडा पडताळा, मग बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) आहे का बघा, मग सिलिंडरचा काटा.