न्यू ऑर्डर कसे ऐकावे: आधी सिंगल्स, मग अल्बम

मँचेस्टरच्या 'न्यू ऑर्डर' या बँडची वाटचाल समजून घ्यायची असेल, तर पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकत जाण्याचा मोह टाळावा. त्यांच्या आधीच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये वारला. मागे राहिलेल्या बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस यांनी नवे नाव घेतले आणि त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. १९८१ चा पहिला अल्बम 'मूव्हमेंट' अजून त्या शोकाच्या छायेतच आहे. तो नंतर ऐकला, तर अधिक उमगतो.

सुरुवात १९८७ च्या 'सबस्टन्स' या संग्रहाने करावी. हा बँड आपली उत्तम गाणी अनेकदा अल्बममध्ये न घालता बारा इंची सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची स्वतंत्र तबकडी, म्हणून काढत असे, आणि ती तिथे एकत्र आली आहेत. मात्र 'टेम्प्टेशन' त्यासाठी नव्याने ध्वनिमुद्रित केलेले असल्याने १९८२ चे मूळ रूप शोधून ऐकावेच. त्यातली अधीरता मला अधिक प्रिय आहे.

मग १९८३ च्या 'ब्लू मंडे'ला पुरेसा वेळ द्यावा. साडेसात मिनिटांच्या या गाण्यात आधी केवळ ड्रम मशीनचा ठेका ऐकावा, दुसऱ्या खेपेस सिंथेसायझरचे थर कसे चढत जातात ते पाहावे आणि तिसऱ्या खेपेस हुकच्या बेस गिटारचा माग घ्यावा. हे वाद्य सहसा तळाशी राहून ताल सांभाळते, पण हुक ते वरच्या सुरांत वाजवून त्याच्याकडे चाल सोपवतो, आणि यंत्रांच्या काटेकोर तालात माणसाचा हात जाणवतो तो तिथेच.

कान असा तयार झाला की 'पॉवर, करप्शन अँड लाइज', १९८५ चा 'लो-लाइफ' आणि १९८९ चा 'टेक्निक' या क्रमाने जावे. 'टेक्निक'चे काही काम इबिझा बेटावर झाले. तिथल्या क्लबांमधील ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची छाप 'फाइन टाइम'मध्ये स्पष्ट ऐकू येते, आणि त्याच अल्बममध्ये निखळ गिटारची गाणीही नांदतात.

त्यानंतरचा 'रिपब्लिक' हा अल्बम नुसता चाळला तरी चालेल. २००७ मध्ये हुक वेगळा झाला. म्हणून २०१५ चा 'म्युझिक कम्प्लीट' लावल्यावर लगेच 'लो-लाइफ' पुन्हा लावावा आणि दोन्हींतला बेस ताडून पाहावा.